बेळगाव सीमाभागातल्या मुलांनी मेडिकल कॉलेजची लिस्ट कशी बनवायची

नीटचा रिझल्ट लागला की आपल्याकडे खानापूर असो, निपाणी असो की बेळगाव, घराघरात एकच विषय, एवढ्या मार्काला कुठलं कॉलेज मिळेल. मग कोणी मामाच्या ओळखीच्या डॉक्टरला विचारतंय, कोणी क्लासच्या सरांना, कोणी यूट्यूब बघत बसतंय. आणि यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ एक तर पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी, नाहीतर बेंगळुरूच्या. आपण मधले. आपल्या दाखल्यांवर कन्नड, शाळा मराठी, दवाखान्याला जायचं तर मिरज-कोल्हापूर, आणि सीट मात्र बेंगळुरूच्या वेबसाइटवरून.

मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) बेळगावात, आता उत्तर कर्नाटकातल्या एका सरकारी कॉलेजात इंटर्नशिप करतेय. दरवर्षी रिझल्टनंतर गावाकडच्या मुलांचे, त्यांच्या आई-बाबांचे फोन येतात, त्या सगळ्यांना जे सांगते ते इथे एकदाच नीट लिहून ठेवतेय. माझं म्हणणं एवढंच आहे की कॉलेजचं नाव सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा तुमचे कागद तुम्हाला कुठे बसू देतात, मग बघा घरच्यांना सगळी वर्षं फी झेपेल का, मग बघा तिथल्या हॉस्पिटलात पेशंट आहेत का. या क्रमाने गेलात तर लिस्ट आपोआप छोटी आणि खरी होते.

## १. कागदावर तुम्ही कुठल्या राज्याचे ते आधी ठरवा

आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि ते बारावीनंतर नाही, अकरावीला ॲडमिशन घेतानाच होतं.

कर्नाटकच्या सीटसाठी पहिली ते बारावीच्या काळात कमीत कमी सात वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात शिकलेलं लागतं, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेचीही अट असते. महाराष्ट्राच्या ८५ टक्के स्टेट कोट्यासाठी साधारण नियम असा की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, शिवाय तिथलं डोमिसाईल. आता हे दोन नियम शेजारी ठेवून आपल्याकडची मुलं बघा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचं मूल, पहिली ते दहावी इथे, मग नीटच्या तयारीसाठी अकरावी-बारावी लातूरला किंवा कोल्हापूरला. याची दहावी आणि सातपेक्षा जास्त वर्षं कर्नाटकातली, त्यामुळे कर्नाटकचा हक्क सहसा राहतो, महाराष्ट्राचा मात्र मिळत नाही, दोन वर्षं तिथे राहिलं म्हणून काही होत नाही. ज्या वर्षी अर्ज करताय त्या वर्षीच्या केईएच्या (कर्नाटकच्या सीट देणारं प्राधिकरण) ब्रोशरमधला एलिजिबिलिटी क्लॉज स्वतः शब्द न् शब्द वाचा, क्लासवाल्यांच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

दुसरं मूल चंदगडकडचं. दहावी महाराष्ट्र बोर्डाची, आणि बेळगाव जवळ पडतं म्हणून पीयूसीला बेळगावात. याचं सगळ्यात अवघड होतं. कर्नाटकात सात वर्षं भरत नाहीत, महाराष्ट्रात बारावी नाही, म्हणजे दोन्हीकडचा स्टेट कोटा हातातून जातो आणि राहतं काय तर ऑल इंडिया कोटा (देशभरातल्या मुलांसाठीच्या सीट), डीम्ड (स्वतः विद्यापीठाचा दर्जा असलेली महागडी खाजगी कॉलेजं) आणि बाहेरच्यांना चालणाऱ्या महागड्या सीट. तेव्हा चंदगड, गडहिंग्लज, आजरा भागातल्या पालकांना हात जोडून सांगते, पोराला मेडिकलला घालायचं मनात असेल तर अकरावीचं कॉलेज निवडतानाच हा विचार करा. (जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या भागातल्या कन्नड मातृभाषा असलेल्यांसाठी कर्नाटकात गडिनाडू कन्नडिग म्हणून वेगळा क्लॉज आहे, तो मराठी मातृभाषेला लागू नाही.)

आणि एक गोष्ट जी आपल्यातल्या भरपूर जणांना माहीतच नसते. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो त्या वादग्रस्त सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळ्या राखीव जागा असतात, ब्रोशरमध्ये एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) म्हणून लिहिलेलं दिसेल. जागा मोजक्याच आहेत, पण अर्ज करणारेही मोजकेच असतात कारण कोणी सांगतच नाही. तुमचं गाव त्या यादीत आहे का बघा, रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला ब्रोशरमध्ये दिलेल्या नमुन्यातच करून घ्या. दुसऱ्या कुठल्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलात तर परत पाठवतील.

## २. दारं तीन आहेत, तिन्हीकडे वेगळी नोंदणी

नीट दिली म्हणजे सगळीकडे नाव गेलं असं समजू नका, दरवर्षी कोणी ना कोणी यात अडकतं.

एमसीसी, म्हणजे दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी. देशातल्या सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के ऑल इंडिया सीट, एम्स, जिपमर आणि सगळी डीम्ड कॉलेजं इथून.

केईए, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकार. कर्नाटकातल्या सरकारी कॉलेजांच्या ८५ टक्के सीट आणि प्रायव्हेट कॉलेजातल्या सगळ्या प्रकारच्या सीट इथून. यांचा सीईटीचा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच निघतो आणि नीटवाल्यांनीही तिथेच नोंदणी करून ठेवायची असते. नंतर लिंक परत उघडतात, पण त्यावर विसंबू नका.

महाराष्ट्राचा सीईटी सेल. आपल्यातल्या एमकेबीवाल्यांनी इथे भरायचं, आणि ज्यांची दहावी-बारावी तिकडची आहे त्यांनी.

आता यातला बेळगावकरांचा हमखास गोंधळ. आपल्या गावात दोन मोठी कॉलेजं. एक बिम्स, सिव्हिल हॉस्पिटलचं, सरकारी, ते केईएच्या लिस्टमध्ये येतं आणि त्याच्या १५ टक्के सीट एमसीसीत. दुसरं जेएनएमसी, १९६३ सालचं, केएलई संस्थेचं, हॉस्पिटल प्रभाकर कोरे यांच्या नावाचं. घरापासून रिक्षाने जाता येतं म्हणून लोकांना वाटतं हे कर्नाटकच्या लिस्टमध्ये असणारच, पण ते डीम्ड विद्यापीठात मोडतं, ॲडमिशन एमसीसीतून, फी डीम्डची, आणि बेळगावचा म्हणून काही सवलत नाही. विजयपूरचं बीएलडीई, कोल्हापूरचं डी. वाय. पाटील, सांगलीचं भारती विद्यापीठ, कराडचं कृष्णा, ही पण सगळी डीम्डच. इथे रँकइतकाच घरचा खिसा बघावा लागतो.

गोव्याबद्दलही विचारतात, कारण खानापूरकडचे पेशंट बांबोळीला जातातच. गोवा मेडिकल कॉलेज चांगलं आहे पण तिथला स्टेट कोटा गोव्याच्या रहिवाशांना, आपल्याला फक्त ऑल इंडियातून.

## ३. कॅटेगरी, रूरल आणि आपल्याला न मिळणारे कोटे

केईएची कटऑफ पीडीएफ उघडली की वर आडव्या ओळीत कोड दिसतात, जीएम, जीएमके, जीएमआर, टूएजी, टूएआर, थ्रीबीजी, थ्रीबीके, थ्रीबीआर असे. शेवटचं अक्षर महत्त्वाचं. आर म्हणजे रूरल, के म्हणजे कन्नड माध्यम, जी म्हणजे साधा, आणि नुसतं जीएम म्हणजे जनरल मेरिट, खुला गट. आपल्याकडे मराठा आणि दिगंबर जैन समाज कर्नाटकात थ्रीबी या मागास प्रवर्गात येतात. म्हणजे खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या मराठा मुलाने थ्रीबीआर हा कॉलम बघायचा, जीएम बघून घाबरायचं नाही. कित्येक जण जीएमचा कटऑफ बघून आपलं काही खरं नाही म्हणून लिस्टमधून कॉलेज काढून टाकतात, असं करू नका.

रूरलसाठी पहिली ते दहावी अशी पूर्ण दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत लागतात. माध्यमाची अट नाही, मराठी शाळा चालते. पण ग्रामीण म्हणजे तुमच्या मनातलं गाव नाही. अनगोळ, वडगाव ही नावं गावासारखी असली तरी महापालिकेत आहेत. नगरपंचायत असलेलं गावही ग्रामीणात धरत नाहीत. शाळा कुठे आहे ते बघतात, घर कुठे आहे ते नाही, आणि एक वर्ष जरी शहरातल्या शाळेत काढलं असेल तरी रूरल जातं. मुख्याध्यापकांची सही आणि त्यावर बीईओंची (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) सही लागते, ही सही मे महिन्यात मिळवणं म्हणजे ऑफिसच्या चकरा, तेव्हा परीक्षेआधीच, डिसेंबर-जानेवारीत करून ठेवा.

कन्नड माध्यमाचा कोटा मराठी माध्यमवाल्यांना नाही. फॉर्म भरताना सायबर कॅफेवाला घाईत होय वर टिक करतो, पडताळणीत ते उडतं आणि पुढची सगळी गणितं फिसकटतात. फॉर्म सबमिट करण्याआधी प्रिंट काढून घरी एकदा शांतपणे वाचा.

आणखी एक, राज्यघटनेतलं कलम ३७१ जे. बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी, विजयनगर या जिल्ह्यांतल्या कॉलेजात ७० टक्के जागा तिथल्या स्थानिकांना असतात. बेळगाव जिल्हा त्यात येत नाही. म्हणून बिदर किंवा कोप्पळचा कटऑफ सैल दिसला तरी तो स्थानिकांचा कॉलम आहे की बाकीच्यांचा हे बघा. आपल्याला उरलेल्या थोड्या जागांतच मिळणार.

ऑल इंडियात मात्र राज्याची कॅटेगरी चालत नाही. तिथे केंद्राची ओबीसी यादी. थ्रीबीमधली जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, आणि नसेल तर उत्पन्न बसत असल्यास ईडब्ल्यूएस बघता येतं. केंद्राची यादी स्वतः उघडून तुमची जात शोधा, तहसीलदार ऑफिसच्या बाहेर बसलेल्या माणसाला विचारून नाही.

## ४. फीचा आकडा पहिल्या वर्षाचा नाही, पूर्ण कोर्सचा लिहा

एक वही घ्या. प्रत्येक कॉलेजसमोर वर्षाची फी गुणिले वर्षं, अधिक होस्टेल, मेस, विद्यापीठाची फी, परत मिळणारी अनामत, पुस्तकं, येणं-जाणं. कोर्स साडेचार वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. काही कॉलेजं फी साडेचार वर्षांची घेतात, काही पाच वर्षांची, हे लेखी विचारा.

ढोबळ अंदाज द्यायचा तर कर्नाटकात सरकारी कॉलेजची फी वर्षाला ६०-६५ हजारांच्या आसपास, प्रायव्हेट कॉलेजातली सरकारी कोट्याची सीट दीड लाखाच्या आसपास, त्याच कॉलेजातली प्रायव्हेट कोट्याची सीट दहा-बारा लाख, आणि डीम्ड त्याच्याही पुढे, पंधरा, वीस, कधी त्याहून जास्त. दरवर्षी यात फरक पडतो, पक्का आकडा त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमधूनच घ्या. ऑप्शन एंट्री, म्हणजे वेबसाइटवर कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना एकाच कॉलेजच्या सीट फीप्रमाणे वेगवेगळ्या दिसतात, फीचा रकाना न बघता क्लिक केलं तर दीड लाखाच्या जागी दहा लाखाची सीट पदरात पडू शकते, आणि मग घरात काय होतं ते मी सांगायला नको.

शेत विकून डीम्डला जाऊ का, असं विचारणारे बाबा असतात. मी कोणाच्या घरचा निर्णय घेऊ शकत नाही, पण एवढं सांगते की एमबीबीएसनंतर लगेच मोठी कमाई सुरू होत नाही, पीजीची तयारी, पीजीची फी पुढे असतेच. लोन घ्यायचं असेल तर पूर्ण कोर्सचं मंजूर करून घ्या, दरवर्षीचं नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करता येतो. अल्पसंख्याक समाजातल्या मुलांसाठी कर्नाटक सरकारची अरिवू कर्ज योजना आहे, त्यात आपल्याकडची मुस्लिम आणि जैन मुलं येतात. स्कॉलरशिपचा अर्ज कर्नाटकच्या एसएसपी पोर्टलवर, तिथे उत्पन्नाच्या दाखल्यावर छापलेला आरडी नंबर लागतो.

सरकारी सीट घेताना सेवेच्या बाँडची अट दोन्ही राज्यांत विषय असतोच. सही करायच्या आधी वाचा, किती वर्षं, नाही केलं तर दंड किती. गावाकडच्या मुलांनी याला एवढं घाबरायचं कारण नाही असं मला वाटतं, पीएचसीला जे शिकायला मिळतं ते मोठ्या हॉस्पिटलात मिळत नाही.

## ५. कटऑफ मार्कांवर नाही, रँकवर बघा

गेल्या वर्षी ५५० ला अमुक कॉलेज मिळालं, हे वाक्य ऐकलं की तिथून उठा. २०२४ ला पूर्ण ७२० मार्क घेणारे एकापेक्षा जास्त होते, २०२५ ला देशात पहिला आलेला ६८६ वर होता. पेपर सोपा-अवघड झाला की मार्क हलतात, रँक तेवढी हलत नाही. म्हणून रँकच धरा, आणि एका वर्षाची नको, दोन-तीन वर्षांची.

ऑल इंडिया रँक आणि राज्याच्या मेरिट लिस्टमधला नंबर यात गल्लत करू नका, पीडीएफच्या वर काय लिहिलंय ते आधी वाचा. पहिल्या राउंडचा आणि शेवटच्या राउंडचा कटऑफ वेगळा असतो, दोन्ही वहीत लिहा. कॉलेज, कोटा, तुमचा कॉलम, पहिला राउंड, शेवटचा राउंड, फी, असे रकाने आखले की अर्ध्या दिवसात चित्र दिसतं. हे काम मुलाने स्वतः करावं, बाबांनी करून देऊ नये, कारण पुढे दर राउंडला रात्री बारा वाजता निर्णय घ्यायचा असतो तेव्हा आकडे डोक्यात असावे लागतात.

नावांचा घोटाळाही इथेच. किम्स म्हटलं की आपल्याला हुबळीचं आठवतं, १९५७ सालचं सरकारी कॉलेज, त्याचं नाव आता कर्नाटक मेडिकल कॉलेज अँड रिसर्च इन्स्टिट्यूट झालंय. पण बेंगळुरूचं केंपेगौडा हेही किम्स, ते प्रायव्हेट. कोप्पळचंही किम्स, ते सरकारी. बिम्स आणि ब्रिम्स, एक बेळगाव, एक बिदर. नावावर क्लिक करू नका, कॉलेजचा कोड आणि गाव दोन्ही जुळवा.

## ६. जमेल तेवढी कॉलेजं बघून या, पण बिल्डिंग बघू नका

मेडिकल कॉलेज म्हणजे त्याचं हॉस्पिटल. वर्ग, लायब्ररी, काचेचा दरवाजा हे सगळं नंतर. पेशंट नसतील तर तुम्ही शिकणार कशावर?

कुठल्याही दिवशी, रविवार सोडून, सकाळी दहाच्या सुमाराला जा. केसपेपरच्या खिडकीसमोर रांग आहे का बघा. मेडिसिनच्या ओपीडीत बाकड्यावर जागा आहे की माणसं भिंतीला टेकून उभी आहेत बघा. लेबर रूमच्या बाहेर नातेवाईक पिशव्या घेऊन बसलेत का, कॅज्युअल्टीला ॲम्ब्युलन्स येतायत का. वॉर्डात रिकामे पलंग एका रांगेत दिसले, चादरी कोऱ्या, तर समजायचं. हुबळीला, किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला सकाळी अर्धा तास उभं राहा, गर्दीचं हॉस्पिटल म्हणजे काय ते कळेल. मिरज तर आपल्या आजोबांच्या काळापासून दवाखान्यांचं गाव, वानलेसांच्या हॉस्पिटलाला शंभराहून जास्त वर्षं झाली, तिथल्या सरकारी कॉलेजला सांगलीचं सिव्हिलही जोडलेलं आहे.

मग इंटर्नना गाठा, प्रोफेसरांना नाही. कॅन्टीनमध्ये ॲप्रन घालून चहा पिणारे जे असतील ते. त्यांना विचारा:

- डिलिव्हरी स्वतःच्या हाताने करायला मिळतात का, की लांबून बघायचं?
- टाके, सलाईन, कॅथेटर कोण करतं?
- स्टायपेंड वेळेवर हातात येतो का?
- होस्टेल पहिल्या वर्षी सगळ्यांना मिळतं का, मेस सक्तीची आहे का, मुलींच्या होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं?
- रॅगिंगची तक्रार केली तर पुढे काय होतं?
- कुठल्या डिपार्टमेंटला शिकवणारे आहेत, कुठल्या फक्त कागदावर आहेत?

शेवटच्या प्रश्नाला ते थोडं हसतील, तरी विचारा. आणि अलीकडे जिल्ह्या-जिल्ह्यात नवी सरकारी कॉलेजं झालीत, आपल्या जवळ गदग, कारवार, हावेरी, तिकडे सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा. नवं म्हणून नाक मुरडू नका. जिल्हा रुग्णालय जुनं असेल तर पेशंट असतातच, आणि पीजी कमी असले की हातात काम लवकर येतं. उलट, जुन्या मोठ्या कॉलेजात रात्री अडीच वाजता शंका विचारायला पीजी असतो, तोही मोठा फायदा. मला विचाराल तर फी सारखी असेल तेव्हा जुनं सरकारी पहिलं, नवं सरकारी दुसरं, प्रायव्हेटमधली सरकारी सीट त्याच्यानंतर.

भाषेचं म्हणाल तर वर्गात इंग्रजी, वॉर्डात कन्नड. आपल्याला शाळेत कन्नड विषय असतो म्हणून वाचता येतं, बोलायची लाज असते तेवढी, ती तीन-चार महिन्यांत जाते. बेळगावात निम्मे पेशंट मराठीच बोलतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीला घाबरून कॉलेज निवडू नये, पहिले काही महिने ॲनाटॉमीचं पुस्तक जड जातं, सगळ्यांनाच जातं.

अंतराचाही विचार करा, पण शेवटी. हुबळी-धारवाडहून शनिवारी घरी येता येतं. बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्रीची आहे, सकाळी पोचवते. कलबुर्गी-बिदर मात्र लांब पडतं, सणावाराला येणं होत नाही. घरी आजारी माणूस असेल तर हे खरंच महत्त्वाचं आहे, नुसती आठवण येते म्हणून चांगलं कॉलेज सोडू नका.

## ७. लिस्ट लावताना आवडीचा क्रम, मिळण्याचा नाही

कॉम्प्युटर तुमची लिस्ट वरून खाली वाचतो आणि तुमच्या रँकला जी पहिली मोकळी सीट मिळते ती देतो. वर मोठं कॉलेज टाकलं म्हणून खालचं मिळायची शक्यता कमी होत नाही. तेव्हा जे सगळ्यात हवंय ते पहिलं, मिळणार नाही असं वाटलं तरी पहिलंच. मधे तुमच्या रँकच्या आसपासची, आणि खाली नक्की मिळतील अशी भरपूर. खालचा भाग आखडता घेऊ नका, घात तिथेच होतो.

जिथे सीट मिळाली तरी जाणार नाही, फी झेपणारच नाही, ते कॉलेज लिस्टमध्ये टाकूच नका. "बघू की, मिळाल्यावर ठरवू" हे इथे चालत नाही.

केईए आधी मॉक अलॉटमेंट देतं. ती खरी सीट नाही, पण त्यातून अंदाज येतो आणि त्यानंतर लिस्ट बदलायला वेळ मिळतो. मॉकमध्ये मिळालं म्हणून पेढे वाटू नका, मिळालं नाही म्हणून रडू नका, क्रम परत तपासा आणि खाली आणखी ऑप्शन भरा.

## ८. राउंडचे नियम

केईएत सीट मिळाली की चॉइस विचारतात. एक म्हणजे ही सीट पसंत, आता थांबलो. दोन म्हणजे ही ठेवतो, पण वरचं मिळालं तर द्या. तीन म्हणजे ही नको, पुढच्या राउंडला बसतो. दोनमध्ये वरचं मिळालं की आधीची सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही. म्हणून दोन निवडताना वरच्या यादीतली प्रत्येक सीट परत बघा, हातातल्या सीटपेक्षा खरंच बरी आहे का.

एमसीसीत पहिल्या राउंडला सीट नाकारली तर काही जात नाही. दुसऱ्यापासून नाकारली तर अनामत जाते, जनरलला ऑल इंडियासाठी १० हजार आणि डीम्डसाठी तब्बल २ लाख. तिसऱ्या राउंडची सीट घेतली की सोडता येत नाही आणि दुसरीकडचे दरवाजेही बंद होतात, कारण जॉइन झालेल्यांची यादी राज्यांना जाते. दोन्हीकडे एकदम सीट मिळाली तर आधी एकीकडचा राजीनामा वेबसाइटवरून रीतसर जनरेट करून घ्यायचा, मगच दुसरीकडे जॉइन व्हायचं. कॉलेजच्या क्लार्कने "झालं, जावा" म्हटलं तरी हातात प्रिंट घेतल्याशिवाय हलू नका.

## ९. एजंट

रिझल्ट लागला की फोन यायला लागतात. मॅनेजमेंट कोट्यात सीट आहे, नीटचे मार्क कमी असले तरी करून देतो, आज टोकन भरा. ऐका, मॅनेजमेंट असो, एनआरआय असो, भारतातल्या प्रत्येक एमबीबीएस सीटला नीट पात्रता लागते आणि सीट कौन्सेलिंगमधूनच मिळते. रोख डोनेशन घेणं कर्नाटकात १९८४ च्या कायद्याने गुन्हा आहे. फोन ठेवून द्या, ओटीपी कोणाला देऊ नका, पासवर्ड क्लासवाल्यांनाही नाही. कॉलेजला मान्यता आणि किती सीट आहेत ते नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय बघायला मिळतं.

## १०. फाइलमध्ये काय काय हवं

- नीटचं ॲडमिट कार्ड, स्कोअर कार्ड, आणि त्याच फोटोच्या भरपूर कॉप्या
- एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसी मार्क्स कार्ड
- पहिली ते बारावी शिकल्याचा स्टडी सर्टिफिकेट, बीईओंच्या सहीसह, शाळेतला एसएटीएस नंबर (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक)
- जात आणि उत्पन्नाचा दाखला, नाडकचेरीतून (महसूल खात्याचं स्थानिक ऑफिस), आरडी नंबर दिसेल असा
- रूरल सर्टिफिकेट, लागू असेल तर
- केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस दाखला, नव्या आर्थिक वर्षातला, इंग्रजीत
- एमकेबीवाल्यांना रहिवास आणि मराठी मातृभाषेचा दाखला
- टीसी, आधार, मेडिकल फिटनेस
- प्रत्येकाच्या झेरॉक्सचे तीन-चार सेट, आणि सगळं स्कॅन करून मोबाइलमध्ये

नावाचं स्पेलिंग आत्ताच तपासा. आपल्याकडे शाळेत यल्लाप्पा, आधारवर यल्लप्पा, जातीच्या दाखल्यावर आडनाव पुढे, मार्क्स कार्डवर मागे, हे सर्रास असतं. आरडी नंबर टाकल्यावर वेबसाइटवर जे नाव येतं ते मार्क्स कार्डाशी जुळलं नाही तर क्लेम अडकतो, आणि मल्लेश्वरमच्या केईए ऑफिसला बोलावलं तर बेंगळुरूची फेरी पडते. दाखला नाडकचेरीत दुरुस्त व्हायला वेळ लागतो, पीयूसीची परीक्षा सुरू व्हायच्या आत करून घ्या.

जॉइन व्हायला जाताना डिमांड ड्राफ्ट कोणाच्या नावाने काढायचा ते अलॉटमेंट लेटरवर लिहिलेलं असतं, बँकेत जाताना ते लेटर सोबत न्या, आणि ओरिजिनल जमा केल्यावर कॉलेजकडून प्रत्येक कागदाचं नाव लिहिलेली पोच मागून घ्या. पुढच्या राउंडला सीट बदलली तर तीच पोच दाखवून कागद परत मिळतात.